कोंडीराम येलवेच्या ओठाचं अपील

सरकार माणसाचे टक्के काढतं, हे मला कोंडीराम येलवेमुळे कळलं. तोवर मी टक्के फक्त मॅट्रिकच्या निकालात पाहिले होते, आणि तेही अभिमानाने सांगावेत असे नव्हते. लष्कराच्या डॉक्टरांनी कोंडीरामचा ओठ, गाल आणि डावा जबडा तपासून आधी तीस टक्के नुकसान धरलं होतं. दोन वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हा ते वीस भरलं. मधल्या काळात ओठ होता तिथेच होता, तसाच लोंबत होता. पण कागदावर तो सुधारला होता.

आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत एकाच मजल्यावर राहत होतो. मी पालिकेच्या वॉर्ड ऑफिसात कारकून, आणि चाळीतला एकमेव इंग्रजी अर्जवाला. कुणाचा नळ बंद झाला, कुणाच्या पोराला शाळेत घेत नाहीत, कुणाची बदलीची नोकरी गिरणीत कायम होत नाही, की लोक माझ्याकडे येत. माझ्या अर्जांत ‘मोस्ट हम्बली’ कमीत कमी तीनदा यायचं. अर्ज मंजूर झाले नाहीत तरी वाचायला चांगले असत, असं माझं मत होतं आणि अजूनही आहे.

कोंडीराम माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणे. महार रेजिमेंटमध्ये नऊ वर्षं काढून तो पंचावन्न साली घरी आला, तो हा असा तोंड वाकडं होऊन. चाळीतल्या लोकांना वाटलं, गोळी लागली. सत्कार करायचं ठरलं, हार आणला, खुर्च्या मांडल्या. अध्यक्ष म्हणाले, आता आपले जवान शत्रूशी कसे लढले ते सांगतील. कोंडीराम उठला आणि म्हणाला, "खेचरानं लाथ मारली. दारूगोळा चढवत होतो, माझीच चूक, मागून गेलो." एवढं बोलून तो खाली बसला. हार घातलेलाच होता, काढता येईना. अध्यक्षांनी खेचरसुद्धा शत्रूच्या बाजूचं असू शकतं अशा अर्थाचं काहीतरी बोलून सभा आटोपली.

असा माणूस. त्याला नसलेलं श्रेय नको असे, आणि मला त्याचा भयंकर राग यायचा. गोळी म्हटला असता तर कुणाचं काय जाणार होतं? त्याच सभेत मागे बसलेला रामू मोठ्याने हसला होता. रामू शेजारच्या इमारतीतला, बावीस वर्षांचा, केस कपाळावर पाडणारा. पुढे सत्तावन्न साली टक्के कमी झाले तेव्हा कोंडीरामला ‘वीस टक्के’ हे नाव यानेच ठेवलं. "ओ वीस टक्के, जयभीम!" असं तो जिन्यातून ओरडायचा. कोंडीराम जयभीम तेवढा परत करायचा.

तर ते वीस टक्के. त्यातली मेख अशी होती, की हे टक्के तात्पुरते होते. दर दोन वर्षांनी लष्करी इस्पितळात जायचं, डॉक्टरांचं बोर्ड बसणार, ते नव्याने मोजणार. वीसच्या खाली आलं, की अपंगत्वाची पेन्शन बंद. एकोणीस टक्के मोडलेला माणूस सरकारच्या हिशेबी साबूत. त्या दिवसांत आमचं सगळंच तात्पुरतं होतं म्हणा. द्विभाषिक राज्यसुद्धा आम्ही तात्पुरतंच धरून चाललो होतो, आणि गिरणीतले अर्धे लोक बदलीवाले, रोज दुसऱ्याच्या जागी लागणारे. पण माणसाचं थोबाड तात्पुरतं असतं हे नवीन होतं.

सत्तावन्नच्या बोर्डाला मी त्याच्याबरोबर गेलो होतो. त्याचं बोलणं नीट कळत नसे, पाणी पिताना डाव्या बाजूने ओघळे, भाकरी रश्शात कुस्करल्याशिवाय खाता येत नसे. हे सगळं साहेबाला समजावून सांगायला मी. तरुण कॅप्टन होता, वागायला चांगला. त्याने कोंडीरामला शीळ घालायला सांगितली, गाल फुगवायला सांगितले. मग विचारलं, काम काय करतोस? गिरणीत, कोंडीराम म्हणाला. कॅप्टन हसला. "तो फिर क्या दिक्कत है? कपड़ा हाथ से बुनते हैं या मुँह से?" आम्हीही हसलो. साहेब हसल्यावर हसायचं असतं.

परतताना ट्राम भायखळ्याच्या बाजारापाशी आली आणि मी जागेवरून ताडकन उठलो. शेजारच्या बाईची भाजीची पिशवी लाथाडली गेली, तिने मला शिव्या घातल्या, पण मला त्याचं काही नव्हतं. "दादा, तोंडानंच विणतात की!" मी ओरडलो.

ज्यांनी गिरणी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. साच्यावर, म्हणजे मागावर, जो धोटा इकडून तिकडे पळतो त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायचं. ते काढायला हात चालत नाही. भोकाला ओठ लावून जोरात ओढायचं, की सूत तोंडात येतं. दिवसातून शेकडो वेळा. एक धोटा पाळीतल्या साऱ्यांच्या तोंडाला लागतो. म्हणूनच साचेखात्यात आमच्यातला माणूस घेत नसत. आमचं तोंड लागलेला धोटा दुसरा कोण तोंडाला लावणार? आम्ही सगळे रिंगखात्यात, जिथे सूत कातायचं आणि तोंड मिटून ठेवायचं. पगार साच्यावर बरा, म्हणून साचा त्यांचा.

कोंडीरामचा बाप त्याच गिरणीत तीस वर्षं रिंगखात्यात होता. गिरणीचं नाव सांगत नाही. भिंती सगळ्यांच्या सारख्याच उंच होत्या.

डिसेंबरात पेन्शनच्या कचेरीचं पत्र आलं. वीस टक्के, तात्पुरते, दोन वर्षं. मान्य नसेल तर सहा महिन्यांत अपील करावं. कोंडीरामची बायको सुभद्रावहिनी म्हणाली, "दोन वर्षांत ह्यांचं तोंड बरं झालं म्हणे. मीच रोज समोर बसते जेवायला, मला कसं दिसलं नाय?" पेन्शनमधून नलूची, त्यांच्या मुलीची, शाळा चालली होती. नलू सहावीत होती आणि वर्गात पहिली यायची. कमी झालेल्या दहा टक्क्यांत तिची पुढची वर्षं होती, इतकं साधं ते होतं.

चाळीत एक निवृत्त सुभेदार होते. ते म्हणाले, "हात दाखवून अवलक्षण कशाला? नवीन बोर्ड बसेल, पंधरा म्हणेल, आहे तेही जाईल." यात तथ्य होतं. पण माझ्या डोक्यात अपील तयार होतं. मी तीन पानं लिहिली. सोसत नसलेल्या इंग्रजीत, पण काय लिहिली! कॅप्टनसाहेबांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात होतं: होय साहेब, कापड तोंडाने विणतात. माझ्या अशिलाला धोट्यातून सूत ओढता येत नाही, म्हणून त्याला साचेवाल्याची नोकरी मिळाली नाही, म्हणून त्याचं नुकसान वीस टक्के नसून निदान चाळीस आहे. वाचून दाखवलं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला. कोंडीरामने लक्षपूर्वक ऐकलं आणि मान हलवली. मी ती मान होकाराची धरली.

आता याला पुरावा हवा. गिरणीने लिहून द्यायला पाहिजे, की हा माणूस पंचावन्न साली साचेखात्यात नोकरी मागायला आला होता आणि ओठामुळे त्याला घेता आलं नाही. तो गेला होता हे खरं होतं. लष्करातून आल्या आल्या, कागद खिशात घालून, साचेखात्याच्या दारात. तिथला जॉबर, म्हणजे माणसं लावणारा मुकादम, दत्ताराम परब त्याला म्हणाला होता, "जागा नाय रे बाबा," आणि त्याच दिवशी मालवणहून आलेल्या दोघांना त्याने आत घेतलं होतं.

गिरणी असं पत्र देणार नाही, असं मला वाटत होतं. गिरणी कधी काही देत नसे. आम्ही लेबर ऑफिसरकडे गेलो तेव्हा मी भांडणाची पूर्ण तयारी केली होती. साहेबाने अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्च्या मागवल्या. मग चहा मागवला, बशीसकट. ज्या कचेरीत कोंडीरामचा बाप तीस वर्षं उंबऱ्याबाहेर उभा राहिला, तिथे कोंडीराम खुर्चीत बसून चहा सांडत होता, आणि साहेब त्याला स्वतःचा रुमाल देत होता. वीस मिनिटांत पत्र टाइप होऊन आलं. हवं होतं ते सगळं त्यात होतं. खाली कोंडीरामची सही हवी होती, ‘वरील मजकूर मला मान्य आहे’ म्हणून. एक प्रत त्याला, एक गिरणीच्या फायलीला.

मी पेन उघडून त्याच्या हातात दिलं. त्याने ते टोपण लावून मला परत दिलं. "घरी वाचून सही करतो, साब."

मला असा राग आला! देव दाराशी आला आणि हा विचारतो, ओळखपत्र आहे का?

घरी मी त्याला ते पत्र मराठीत सांगितलं. शेवटची दोन वाक्यं मी कचेरीत नीट वाचलीच नव्हती. ‘या गिरणीच्या साचेखात्यात नेमणुका करताना जातीचा विचार पूर्वीही होत नव्हता व आताही होत नाही. सदर इसमास केवळ शारीरिक कारणास्तव नाकारण्यात आले.’

"हे कुणी विचारलं होतं?" कोंडीराम म्हणाला.

कुणी विचारलं होतं ते मला ठाऊक होतं. रामूने. महिन्याभरापूर्वी रामूलाही साचेखात्यातून परत पाठवलं होतं. पण आता नवा कायदा आला होता, अस्पृश्यता पाळली तर शिक्षा, आणि रामूने लेबर खात्याकडे तक्रार केली होती. चौकशीला एक साहेब येणार होते. ती तक्रार कुणी लिहिली होती? मीच. इंग्रजीत, दोन पानं, ‘मोस्ट हम्बली’ चारदा. त्यात लिहिलं होतं, की या गिरणीत आमच्या कोणालाही केवळ जातीमुळे साच्यावर घेत नाहीत. तिची नक्कल आणि कोंडीरामचं अपील माझ्या एकाच पिशवीत महिनाभर एकमेकांना खेटून पडली होती.

कोंडीरामने ती नक्कल मागून घेतली आणि दोन्ही कागद जमिनीवर शेजारी शेजारी ठेवले. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण अक्षर ओळखता येत होतं.

"दोन्हीकडं तूच लिवलंयस."

"दादा, ही लष्कराची फाइल, ती लेबरची. फायली एकमेकींना भेटत नाहीत."

"गिरणीच्या कचेरीत भेटल्या ना. उगाच नाय चा पाजला त्यांनी."

मला तेव्हा लाज वाटली, हे सरळ सांगून टाकतो. लाज वाटली की मी जास्त बोलतो, तसा बोललो. म्हटलं, रामूची तक्रार अशीही टिकणार नाही, मोठे वकील येतील, साक्षीदार फुटतील. तुझ्या सहीने एवढा काय फरक पडतो? कायदा मला कलमांसकट पाठ होता. आणि माझ्या ऑफिसात माझ्यासाठी वेगळा ठेवलेला पितळी पेला मी रोज निमूटपणे वापरत होतो, ते कलम मी कुणाला सांगत नव्हतो.

सुभद्रावहिनी चुलीपाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "रामू काय आपला पावणा हाय? ह्यांना नावं ठेवत फिरतो, आणि त्याच्यासाठी आमच्या नलूनं घरी बसायचं?"  पत्र कोंडीरामने बाबासाहेबांच्या फोटोमागे खोचून ठेवलं. सही तेवढी केली नाही.

चार दिवसांनी दत्ताराम परब स्वतः आमच्या चाळीत आला. जॉबर चाळीत येणं म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. पण दत्ताराम आणि कोंडीराम यांची आता दोस्ती होती. छप्पन सालच्या जानेवारीत, मुंबई पेटली होती तेव्हा, दोघांना पोलिसांनी एकाच गाडीत कोंबून नेलं आणि पाच दिवस एकाच कोठडीत ठेवलं. दोघं गळ्यात गळा घालून ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ म्हणत बाहेर आले. समितीच्या सभेला आजही शेजारी बसत. मराठी माणूस एक झालाच पाहिजे यावर दत्तारामचा मनापासून विश्वास होता. धोटा तेवढा वेगळा राहिला तर त्या एकीला बाध येतो असं त्याला कधी वाटलं नाही. तो वाईट माणूस नव्हता, यानेच तर सगळं अवघड केलं होतं.

तो दारातल्या बाकावर बसला. वहिनीने पाणी पुढे केलं तेव्हा म्हणाला, "आत्ताच पिऊन इलंय." मग कोंडीरामच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला, "अरे, सही कर मां! तुजोच फायदो आसा. रामूचा कित्या मनावर घेतंस? झिल लहान आसा, कळणा नाय. ह्या टायमाक आपापसात लफडी बरी नाय. एकदा संयुक्त महाराष्ट्र झालो, की ह्या सगळा आपसूक जातला."

"कोठडीत आपण एका डब्यातून पाणी प्यालो व्हतो, दत्ताराम," कोंडीराम म्हणाला.

"थंय गोष्ट वेगळी व्हती."

"व्हय," कोंडीराम म्हणाला. "थितं दुसरा डबाच नव्हता."

दत्ताराम हसला, कोंडीरामही हसला, वाकड्या तोंडाने. मग दत्ताराम तांब्याकडे न बघता गेला. माझं मत असं झालं की आता सही होणार. मैत्रीला कोण नाही म्हणतं? शिवाय सभ्यपणे मागितलेली गोष्ट नाकारणं आपल्या लोकांना जड जातं.

चौकशी एप्रिलमध्ये गिरणीच्या कचेरीतच होती. लेबर खात्याचे साहेब टेबलाशी, एका बाजूला लेबर ऑफिसर आणि दत्ताराम, दुसऱ्या बाजूला रामू, नवीन शर्ट घालून, केस पहिल्यांदाच मागे वळवून. मी रामूचा लेखनिक म्हणून रजा काढून गेलो होतो. पिशवीत कोंडीरामचं अपील होतंच. जूनपर्यंत मुदत होती आणि मी आशा सोडली नव्हती. रामू फार वाईट बोलला. रस्त्यावर तोंडाचा पट्टा चालवणारा हा पोरगा साहेबासमोर आला आणि ‘होय, नाही’च्या पुढे जाईना. लेबर ऑफिसर शांतपणे म्हणाला, "साच्याचा अनुभव नाही म्हणून घेतला नाही. जातीचा प्रश्नच नाही. उलट त्याच समाजाचा एक लष्करी माणूस आला होता, त्याला ओठाच्या दुखापतीमुळे घेता आलं नाही. तो स्वतः लष्कराकडे तसं अपील करतोय. हे पाहा पत्र."

"यावर सही नाही," साहेब म्हणाले.

"होईल."

"नाय होणार." हे दारातून आलं. कोंडीराम रिंगखात्यातून तसाच उठून आला होता, अंगावर कापसाची भुकटी, डोक्याला फडकं. त्याला रामूने बोलावलं नव्हतं, मी तर नाहीच. तो आत आला आणि लष्करात उभं राहतात तसा टाचा जुळवून उभा राहिला. "साब, मी पंचावन साली आलतो. जागा नाय म्हणाले. ओठाकडं कुणी बघितलंच नाय."

"पण ओठ असा आहे ना!" लेबर ऑफिसर जरा चढ्या आवाजात म्हणाला. "धोटा ओढता येत नाही हे खोटं आहे का? यांनीच आमच्याकडे अर्ज केलाय." आणि त्याने माझ्याकडे बोट केलं. माझ्या पिशवीचं वजन तेव्हा एकदम वाढलं.

साहेबांनी कोंडीरामला विचारलं, "धोटा ओढता येतो तुम्हाला?"

मला वाटलं आता तो फसला. येतो म्हणाला तर अपील मेलं, आणि वीस टक्केही धोक्यात. येत नाही म्हणाला तर रामू मेला. मी मनात म्हणालो, दादा, येत नाही म्हण. खरंच तसं म्हणालो. नलूचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता असं आता सांगावंसं वाटतं, पण डोळ्यांसमोर माझी तीन पानं होती.

कोंडीरामने थोडा विचार केला. "म्हायीत नाय, साब," तो म्हणाला. "धोटा आणा, बघू."

 साहेबांनी दत्तारामकडे पाहिलं. दत्ताराम उठून गेला आणि बऱ्याच वेळाने धोटा घेऊन आला, कांडी भरलेला, वापरून गुळगुळीत झालेला. तो त्याने टेबलावर ठेवला. हातात दिला नाही.

कोंडीरामने तो उचलला, फिरवून पाहिला, भोक कुठे आहे ते शोधलं आणि ओठ लावून ओढलं. नुसती हवा आली, फर्रकन, लहान मुलं करतात तसा आवाज. लाळ हनुवटीवर आली. रामूला हसू फुटलं आणि मग त्याला कळलं आपण कशाला हसतोय. तो खाली बघू लागला. कोंडीरामने बाहीने हनुवटी पुसली, पुन्हा ओढलं. पुन्हा हवा. मग त्याने डाव्या हाताच्या दोन बोटांनी ओठाचा लोंबता कोपरा चिमटीत घट्ट दाबून धरला, धोटा उजव्या बाजूला लावला आणि डोळे मिटून असा श्वास ओढला, की गळ्याच्या शिरा फुगल्या. तोंड बाजूला केलं तेव्हा भोकातून पांढरं सूत लोंबत होतं. टोक त्याच्या दातांत होतं.

"येतो, साब," दात न उघडता तो म्हणाला.

साहेबांनी लिहून घेतलं. मी वाचू शकत होतो, समोरच बसलो होतो: ‘साक्षीदाराने समक्ष धोटा ओढून दाखवला. दुखापतीमुळे कामास अडथळा दिसत नाही.’ इतकी स्वच्छ, निर्विवाद ओळ लष्कराच्या बोर्डानेही लिहिली नव्हती.

कोंडीरामने धोटा टेबलावर ठेवला. साहेब दत्तारामला म्हणाले, "ठीक आहे, घेऊन जा. साचा थांबला असेल." दत्तारामचा हात पुढे आला आणि थबकला. ओलं भोक वर होतं. त्याने इकडेतिकडे बघितलं, खुर्चीवर पडलेलं कालचं वर्तमानपत्र उचललं, त्यात धोटा गुंडाळला आणि कागदाला धरून उचलला. हे त्याने अगदी नकळत केलं; त्याला कुणाचा अपमान करायचा नव्हता. सगळे त्याच्याकडे बघतायत हे लक्षात आलं तेव्हा तो धोटा हातात घेऊन तसाच उभा राहिला, त्याला पुढे जाता येईना की परत ठेवता येईना. लेबर ऑफिसरने कपाळाला हात लावला. साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं आणि आणखी एक ओळ लिहिली. रामूच्या दोन पानांनी जे झालं नसतं ते त्या ओळीने झालं. त्याला साच्यावर घ्यायला गिरणीने तरी अकरा महिने काढले, पण घ्यावं लागलं.

आम्ही फाटकाबाहेर आलो. कोंडीरामची पाळी बुडाली होती, त्यामुळे घरी जाण्यावाचून त्याला काम नव्हतं. लालबागच्या रस्त्याने आम्ही चालू लागलो. मी आतल्या आत धुमसत होतो. माझी तीन पानं फुकट गेली होती. पुढच्या बोर्डासमोर ही साक्ष कुणी ठेवली तर वीसचे पंधरा व्हायला वेळ लागणार नव्हता, आणि एकोणसाठ साली झालेही ते पंधरा. कुणी काही ठेवलं नव्हतं. डॉक्टरांनी तोंडाने काही ओढून घेता येतं का विचारलं आणि हा ‘व्हय, धोटा’ म्हणाला. नलूच्या शाळेसाठी सुभद्रावहिनीने मग खानावळीच्या भाकऱ्या थापायला घेतल्या. रामू तिच्यासाठी पिठाची पोती जिन्यावरून वाहून आणायचा आणि कोंडीरामला टक्केवारीची हाक मारायचा नाही.

पण ते नंतर. त्या दिवशी मला राहवेना. रस्त्यातच थांबून मी त्याच्यावर ओरडलो, "दादा, तुला ओढता येत होतं! मग मला तीन पानं येत नाही, येत नाही म्हणून लिहू कशी दिलीस? मी वाचून दाखवली तेव्हा तू मान हलवलीस!"

त्याने तोंडात राहिलेला सुताचा तुकडा जिभेवरून काढला, बोटांत धरून पाहिला.

"मला तरी कुठं ठावं व्हतं?" तो म्हणाला. "तीस वर्सं बाप गिरणीत, तीन वर्सं मी. आमच्या हातात आजपातूर कुणी धोटा दिलाच नव्हता."